हळू आवाज कुठे गेला?

मोरिस राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची ‘बोलेरो’ नावाची एक रचना आहे. १९२८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात ती प्रथम सादर झाली. पंधरा-सोळा मिनिटांच्या या रचनेत म्हटले तर काहीच घडत नाही. ताशाच्या कुळातला एक लहान ड्रम हलक्या हाताने एक ताल धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. त्यावर बासरी एक सुरावट वाजवते. मग तीच क्लॅरिनेटवर येते, मग दुसरी सुरावट, मग पुन्हा पहिली, असे करत करत सगळा वाद्यवृंद त्यात उतरतो. लय बदलत नाही, सुरावटी त्याच त्या. वाढत जातो तो फक्त आवाज. कानाला जेमतेम लागणाऱ्या टकटकीपासून छप्पर उडवणाऱ्या गजरापर्यंतचा तो एक अखंड चढ आहे. आवाजाचा लहानमोठेपणा हाच ज्याचा विषय, असे दुसरे संगीत मला माहीत नाही. पाश्चात्य संगीताशी माझी ओळख बेताचीच. पण ध्वनीचा पाठ शिकवताना ही रचना मी वर्गात ऐकवत आले आहे.

गेल्या उन्हाळ्यात एस.टी.ने साताऱ्याला जाताना, शिरवळ सोडल्यावर, मी ती फोनवर लावली. इअरफोन कानात. दोन मिनिटे झाली, काहीच ऐकू येईना. मला वाटले, फोन बंद पडला. पाहिले तर वेळेचा काटा पुढे सरकत होता. मग आवाजाची पट्टी वाढवत नेली. ड्रम कानाला लागला तेव्हा पट्टी वरच्या टोकाशी पोचली होती. खंबाटकीच्या घाटात गाडीने खालचा गिअर टाकला आणि बासरी पुन्हा गडप झाली. थोड्या वेळाने ट्रॉम्बोन आले, पाठोपाठ सगळा वाद्यवृंद आला, आणि कानात असा दणका बसला की मी दोन्ही बोंडे ओढून काढली. शेजारी पेंगणाऱ्या आजी दचकून जाग्या झाल्या.

त्याच रात्री घरी, साडेदहानंतर, पंखा बंद करून, जुन्या दोन स्पीकरांवर तीच रचना ऐकली. पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या दणक्यापर्यंत बटनाला हात लावावा लागला नाही.

यात चूक कुणाची? बसची म्हणावी, तर बस अशीच असणार. राव्हेलची म्हणावी, तर त्याने ऑपेरागृहासाठी लिहिले, परिवहन महामंडळासाठी नव्हे. हिशेब मांडून पाहू. समजा, या रचनेतला सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा भाग यांत ४५ डेसिबलचे अंतर आहे. शांत खोलीतला मूळचा आवाज ३५ डेसिबल धरा. हळू भाग ४० वर ठेवला तर मोठा भाग ८५ वर जातो. हे कानाला जमते. आता बस घ्या. माझ्या फोनवरच्या मापकाने आत ८० च्या आसपास आकडा दाखवला (फोनचे माप तंतोतंत मानू नये, पण अंदाजाला चालते). त्या गोंगाटातून ड्रम वर काढायचा तर तो निदान ७५ वर हवा. मग शेवट येतो १२० वर, म्हणजे जवळून ऐकलेल्या रुग्णवाहिकेच्या भोंग्याइतका. इअरफोन तिथवर पोचत नाहीत हे खरे, पण शंभरपर्यंत बहुतेक सगळे सहज जातात. सारांश, बसमध्ये ‘बोलेरो’ ऐकता येत नाही. एक तर तिची सुरुवात गमवावी लागते किंवा कान.

गाणी घडवणाऱ्यांपुढे हा प्रश्न फार पूर्वी आला आणि त्यांनी त्यावर तोडही काढली. कल्पना करा, एक माणूस बटनावर हात ठेवून बसला आहे. आवाज हळू झाला की तो वाढवतो, मोठा झाला की उतरवतो. हेच काम यंत्राने, सेकंदाच्या हजाराव्या भागात केले की त्याला म्हणतात कॉम्प्रेशन. आपण ‘दाबणे’ म्हणू. नभोवाणी केंद्रे हे कित्येक दशके करत आली आहेत आणि त्यात वावगे काही नाही. स्वयंपाकघरात, मोटारीत, दुकानात रेडिओ ऐकणाऱ्याला बातम्यांतला प्रत्येक शब्द ऐकू यायला हवा.

खरी गंमत झाली ती सीडी आल्यावर. जुन्या तबकडीवर आवाजाला शरीराची मर्यादा होती. मोठा आवाज म्हणजे रुंद वळणांची खाच, आणि रुंद खाच म्हणजे एका बाजूवर कमी मिनिटे. हळू आवाजालाही मर्यादा होती, कारण तो सुईच्या खरखरीत बुडे. १९८२ साली सीडी बाजारात आली आणि या दोन्ही मर्यादा मागे सरल्या. सीडीवर ध्वनीचा प्रत्येक नमुना १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदला जातो. दर बिटाला सुमारे ६ डेसिबल, या हिशेबाने सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचे अंतर मावू लागले. ‘बोलेरो’ दोनदा मावेल इतके. आता संगीतात हळुवार जागांची चैन होईल, असे त्या वेळी कुणालाही वाटले असते. झाले उलटेच. नवा चार मजली बंगला बांधावा आणि सगळ्या कुटुंबाने गच्चीवर जाऊन राहावे, तशी सीडीची तऱ्हा झाली. १९९० च्या दशकात सगळा आवाज सर्वांत वरच्या पट्ट्यात कोंबण्याची चढाओढ लागली.

असे का व्हावे? याचे उत्तर कानात आहे. एकच ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवा, दुसऱ्या वेळी आवाज किंचित वाढवून. आवाज वाढवला आहे हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दुसरे ‘जास्त छान’, ‘जास्त भरीव’ वाटते. यामागचे एक कारण १९३३ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले. आपला कान सगळ्या कंप्रतांना सारखा न्याय देत नाही. आवाज हळू असताना खर्जातले स्वर त्याला फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढला की खर्ज झपाट्याने भरून येतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे एक बटन असे, ते यासाठीच होते. हळू ऐकताना ते दाबायचे म्हणजे खर्ज वाढून मिळे. आमच्या घरी ते कायमचे दाबलेले असे, पण ते सोडा.

तेव्हा, रेडिओवर दोन गाणी पाठोपाठ लागली तर मोठ्या आवाजाचे गाणे बाजी मारते. गाण्याचे शिखर सीडीच्या छताला टेकलेलेच असते. ते आणखी वर नेता येत नाही. मग काय करायचे? शिखरे छाटायची आणि उरलेले सगळे वर उचलायचे. सरासरी वाढते, गाणे ‘मोठे’ होते. एकाने केले की दुसऱ्याला करावे लागते. इंग्रजीत याला आवाजाचे युद्ध म्हणतात. माझ्या मते ही रांगेतल्या माणसांची गोष्ट आहे. पुढचा टाचा उंचावतो, मग मागचे सगळे उंचावतात. शेवटी दिसते पूर्वीइतकेच आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात.

या चढाओढीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मेटॅलिका या अमेरिकन बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’. तो मी मुद्दाम मिळवून ऐकला, तोही दोन्ही प्रकारे. हे संगीत मुळातच आदळआपट करणारे, त्यात हळू काय शोधायचे, असे कुणी म्हणेल. पण आदळआपट ऐकू यायलाही आधी थोडी शांतता लागते. ‘द डे दॅट नेव्हर कम्स’ हे गाणे घ्या. सुरुवातीला एकटी, स्वच्छ गिटार आहे. पुढे सगळा बँड कोसळतो, निदान कोसळायला हवा. घरच्या स्पीकरांवर ऐकताना जाणवते की तो कोसळतच नाही. वाद्ये वाढली, दाटी वाढली, पण आवाज होता तिथेच राहिला. ढोलावर टोला पडतो तेव्हा पहिल्या क्षणी एक टोकदार उसळी असते, मागून घुमारा येतो. इथे ती उसळीच छाटलेली आहे, म्हणून ढोल पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो. शिवाय तरंगाचे माथे सपाट कापले की मुळात नसलेले वरचे स्वर त्यात तयार होतात आणि सगळ्या वाद्यांवर एक चरचरीत साय धरते. तीन गाणी झाली की कंटाळा येतो. हा कंटाळा संगीताचा नव्हे, एका पट्टीत तासभर ओरडणाऱ्या माणसाचा आहे. वादक उत्तम आहेत, रचनांत जोर आहे. म्हणून तर जास्त वाईट वाटते.

आणि बसमध्ये? खरे सांगायचे तर बसमध्ये तो छान ऐकू आला. घाटातसुद्धा. बटनाला एकदाही हात लावावा लागला नाही.

ही गोष्ट मी लपवणार नाही, कारण सगळा वाद इथेच आहे. दाबलेले गाणे हे गोंगाटात, इअरफोनवर ऐकण्यासाठी बेतलेले गाणे आहे आणि आज बहुसंख्य लोक तसेच ऐकतात. मग तक्रार कशाची? त्या अल्बमच्या चाहत्यांनी याचे उत्तर शोधले होते. ‘गिटार हीरो’ या संगणकी खेळात हीच गाणी दिली होती आणि तिथे ती इतकी दाबलेली नव्हती. मुलांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या आणि हजारो सह्यांचे निवेदन काढून अल्बम पुन्हा घडवून मागितला. शेवटचा हात फिरवणारे तंत्रज्ञ टेड जेन्सन यांनीही सांगितले की गाणी त्यांच्याकडे आली तीच ठेचून आली होती. खेळाच्या आवृत्तीपासून सीडीची आवृत्ती करता आली असती. सीडीच्या आवृत्तीपासून खेळाची करता येत नाही. छाटलेला माथा परत उगवत नाही. कापला गेला तो तरंगाचा आकार, म्हणजे माहिती. आणि गेलेली माहिती बटन फिरवून येत नाही.

आपल्याकडे पानात डाव्या बाजूला मीठ वाढायची पद्धत आहे. ज्याला हवे त्याने लावून घ्यावे. दाबण्याचे यंत्रही तसेच ऐकणाऱ्याच्या हातात असावे, गाण्यात आधीच ओतलेले नसावे, असे माझे मत आहे. बसमध्ये बसल्यावर फोनने ‘बोलेरो’ दाबून द्यावी, घरी आल्यावर सोडावी. हे गणित आजच्या फोनला अवघड नाही. काही दूरदर्शन संचांत रात्रीसाठी अशी सोय असतेच.

अर्थात थोडी सुधारणा झाली आहे. २०१० साली युरोपच्या प्रसारण संघाने कार्यक्रमाचा आवाज शिखरावरून न मोजता कानाला वाटणाऱ्या सरासरीवरून मोजायचा नियम घालून दिला. त्याच वर्षी अमेरिकेत जाहिरातींचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नसावा असा कायदा झाला. तो २०१२ च्या डिसेंबरात अमलात आला. इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्या मोठ्या सेवाही आता बहुधा सगळी गाणी एका सरासरीला आणून वाजवतात. म्हणजे ठेचून मोठे केलेले गाणे तिथे खाली उतरवले जाते आणि ठेचलेलेच राहते. मोकळे सोडलेले गाणे शेजारी जास्त उमदे वाटते. युद्धातला फायदा संपला आहे. सवय मात्र गेलेली नाही. आमच्या शाळेतला दहावीतला एक मुलगा मला म्हणाला, “बाई, तुमची जुनी गाणी फुसकी वाटतात.” त्याचा दोष नाही. त्याच्या कानांना गाणे म्हणजे विटेसारखे चौकोनी, हीच ओळख आहे. तरंगाचे चित्र दाखवणाऱ्या ‘ऑडॅसिटी’सारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत आजचे एखादे सिनेगीत उघडून पाहा, विटेचा अर्थ कळेल. मग १९५०-६० च्या दशकातले एखादे गाणे उघडा. ते मक्याच्या कणसांच्या ढिगासारखे दिसेल.

इअरफोनची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. शांत खोलीत, चांगल्या इअरफोनवर विलंबित ख्याल ऐकणे हा मोठा आनंद आहे. तंबोऱ्याच्या तारेतून एकामागून एक सुटणारे वरचे स्वर, गायिकेचा सम येण्याआधीचा श्वास, तबल्याच्या बायाँवर सरकणारा तळवा, या गोष्टी माझ्या स्पीकरांवर भिंतींच्या प्रतिध्वनीत विरून जातात. पण एक खोट आहे. स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना पोचतो. डावीकडचा स्पीकर उजव्या कानालाही ऐकू येतो, फक्त मिलिसेकंदाहूनही कमी वेळाने उशिरा. या उशिरावरूनच मेंदू दिशा ओळखतो. इअरफोनवर डावा आवाज डाव्याच कानात कोंडला जातो, त्यामुळे मैफल समोर बसत नाही, डोक्याच्या आत बसते. गायक आपल्या कपाळात, तबला उजव्या कानशिलावर. सवय झाली की याचे काही वाटत नाही. पण समोर बसून गाणाऱ्या माणसाला ऐकणे आणि डोक्यात गाणाऱ्याला ऐकणे यांत फरक आहे. नाट्यसंगीत तर मला इअरफोनवर सहनच होत नाही. बालगंधर्वांच्या पिढीने ते ध्वनिक्षेपकाशिवाय, शेवटच्या बाकापर्यंत फेकायचे गाणे म्हणून घडवले. ते अंतर मागते.

आता कानांकडे येऊ. शिक्षकांच्या दृष्टीने मुख्य प्रश्न तोच आहे.

अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नलिकेत ध्वनी पकडणाऱ्या सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. पक्ष्यांत मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवतात, आपल्यात नाही. गोंगाटाने सर्वांत आधी जातात त्या सुमारे ४,००० हर्ट्झच्या आसपासचे स्वर टिपणाऱ्या. ऐकू येणे बंद होत नाही. हाक मारली की मूल वळून पाहते. पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांची ओळख पटवणारी कुजबुज याच वरच्या पट्टीत असते; ती गेली की ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत गोंधळ होतो आणि शिक्षक वहीवर ‘लक्ष नसते’ असा शेरा मारतात. २००९ साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग आणखी विचार करायला लावतो. मोठ्या आवाजानंतर उंदरांची श्रवणशक्ती काही दिवसांत तपासणीत पूर्ववत दिसली, केसपेशीही शाबूत होत्या. पण त्यांना चेतातंतूंशी जोडणारे बरेचसे सांधे कायमचे तुटलेले आढळले. माणसात हे किती प्रमाणात होते यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण ‘कान वाजत होते, सकाळी थांबले, म्हणजे सगळे ठीक’ असे आपण मुलांना सांगत आलो, ते आता सांगता येणार नाही.

इजा ठरते ती आवाज आणि वेळ यांच्या गुणाकाराने. तीन डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून केलेल्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास, आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला ४० तास, अशी शिदोरी धरली आहे. हिशेब मुलांकडून करून घ्यावा. ८० ला ४० तास, तर ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास. ९८ वर आठवड्याची शिदोरी पाऊण तासाच्या आत संपते. म्हणजे माझा घाट आणि वर थोडे.

इथे दाबलेल्या गाण्याचा दुसरा परिणाम दिसतो. दोन गाण्यांची शिखरे सारखीच, पण एकाची सरासरी दहा डेसिबलने वर असेल, तर पट्टी न हलवता त्या गाण्यातून कानाला दहापट ऊर्जा मिळते. शिवाय मधे विसावा नाही.

इअरफोनबद्दल शाळाशाळांतून भित्तिपत्रके लावलेली असतात. कानात बोंडे घातलेला मुलगा आणि त्यावर लाल फुली. ही मांडणी मला पटत नाही. कानाच्या पडद्यावर पोचलेला ९० डेसिबल आवाज इअरफोनमधून आला की स्पीकरमधून, याने कानाला फरक पडत नाही. फरक पडतो तो तिथवर पोचायच्या सोपेपणात. साध्या इअरफोनला एक मिलिवॅट शक्ती दिली तर कानात सुमारे १०० डेसिबल आवाज होतो. घरच्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८८ च्या आसपास. तेवढ्याच अंतरावर १०० करायचे तर सोळा वॅट हवेत, म्हणजे सोळा हजार पट शक्ती. आणि त्या सोळा वॅटांबरोबर शेजारच्या खोलीतून हमखास एक आरोळी येते, “अरे, आवाज कमी कर!” स्पीकरला लागलेला हा ब्रेक इअरफोनला नाही. १९७९ च्या जुलैत सोनी कंपनीने पहिला वॉकमन विकायला काढला तेव्हा त्याला दोन हेडफोन जोडायच्या दोन खोबणी होत्या आणि एक नारिंगी बटन होते. ते दाबले की संगीत हळू होऊन बाजूच्या माणसाचे बोलणे कानात येई. एकट्याने ऐकणे लोकांना विचित्र वाटेल, असे करणाऱ्यांना वाटले असावे. पुढे ते बटन गेले, कारण कुणाला त्याची गरजच वाटेना.

उलट, स्पीकर निर्दोष आहेत असेही नाही. मिरवणुकीत भिंतीसारखे रचलेले स्पीकर पाहा. तिथे पुढे नाचणाऱ्या मुलाच्या कानावर इअरफोनच्या टोकापेक्षा जास्त आवाज आदळतो आणि पट्टी त्याच्या हातात नसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, शाळेच्या भोवती शंभर मीटरचे शांतता क्षेत्र जाहीर करता येते. ज्या गावात भित्तिपत्रकावर इअरफोनला लाल फुली असते, त्याच गावात शाळेच्या फाटकासमोर ती भिंत तासभर थांबलेली मी पाहिली आहे. मुले मोठ्यांचा उपदेश मनावर का घेत नाहीत, याचे आश्चर्य वाटायला नको.

माझ्या समजुतीने शत्रू इअरफोन नव्हे, भोवतालचा गोंगाट आहे. माणूस पट्टी वाढवतो ती गाण्यासाठी नाही, बसला हरवण्यासाठी. याची परीक्षा वर्गात घेता येते. शांत खोलीत मुलाला त्याच्या आवडीचे गाणे लावू द्या आणि ‘बरे वाटेल’ तिथे पट्टी थांबवू द्या. किती रेघा भरल्या ते लिहून ठेवा आणि पट्टी शून्यावर आणा. मग पंखे चालू करा, कोपऱ्यात दुसऱ्या फोनवर बसच्या आवाजाचे मुद्रण लावा, खिडक्या उघडा आणि तेच गाणे पुन्हा लावायला सांगा. पहिला आकडा त्याला दाखवू नका. आमच्या वर्गात शांत खोलीत निम्म्यावर थांबलेली मुले दुसऱ्या खेपेला जवळजवळ टोकाशी गेली आणि आकडे शेजारी लिहिले तेव्हा त्यांचा त्यावर विश्वास बसेना. एकीने तर रेघा पुन्हा मोजून मागितल्या. तिसऱ्या खेपेला कानाच्या भोकात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन द्या. आकडा खाली येतो. मोजणी चार-पाच मुलांवर तरी करावी, आणि गाणे दर वेळी तेच असावे. दुसऱ्या खेपेचे ऐकणे अर्ध्या मिनिटाच्या वर नेऊ नये.

‘फुसकी गाणी’ म्हणणाऱ्या त्या मुलाला मी ‘बोलेरो’ घरी ऐकायला दिली होती. दोन दिवसांनी त्याने येऊन सांगितले की पहिल्या दोन मिनिटांत काहीच नाही. मी विचारले, पंखा चालू होता का? होता म्हणाला. त्याच्या घरी एकच खोली आहे, रस्त्याकडेची. रात्री साडेअकरापर्यंत ट्रक जात असतात. पंखा बंद करून, पहाटे ऐकून सांगतो म्हणाला.